जोडीचा खेळाडू

टेनिसच्या क्रीडांगणाची लांबी ७८ फूट असते. या लांबीत कधी फरक पडत नाही. रुंदी मात्र दोन प्रकारची. एकास एक असा सामना असेल तर ती २७ फूट धरतात. दोघांस दोघे असा सामना असेल तर दोन्ही कडांचे साडेचार-साडेचार फुटांचे पट्टे खेळात सामील होतात व रुंदी ३६ फूट होते. म्हणजे खेळणारांची संख्या दुप्पट झाली तरी जागा केवळ एक तृतीयांशाने वाढते. हे साधे त्रैराशिक ज्याच्या ध्यानी आले त्यास दुहेरी टेनिसचे अर्धे मर्म उमगले, असे म्हणावयास हरकत नाही. एकेरीत प्रतिपक्षास या कडेहून त्या कडेस धावडवून दमविता येते, कारण त्याच्या मागेपुढे मोकळे रान असते. दुहेरीत मोकळी जागा थोडी, आणि असेल तीही क्षणमात्र. ती दिसते न दिसते तोच तेथे चेंडू पोचला पाहिजे.

यामुळे दुहेरीचा खेळ पाहावयास सोपा, परंतु समजावयास बराच कठीण झाला आहे. सर्व्हिस करणारा मागच्या रेषेवर उभा असतो आणि त्याचा जोडीदार जाळ्याजवळ, वाकून, पाठ त्याच्याकडे करून. हा जोडीदार पाठीमागे हात नेऊन बोटांनी काही खुणा करतो, त्या प्रेक्षकांच्या नजरेस पडतात. त्यांचा अर्थ पुष्कळांस ठाऊक नसतो. सर्व्हिस कोणत्या बाजूस टाकावयाची आणि ती पडताच आपण जागा सोडून आडवे धावणार की तेथेच राहणार, याचा तो निरोप असतो. परतफटका मारणारापुढे मग मोठा पेच पडतो. चेंडू उंच गेला तर जाळ्याजवळचा मनुष्य तो वरच्या वर ठेचून काढील; रुंद मारावा तर पट्ट्याबाहेर जाण्याचे भय; तेव्हा तो खाली, धावत येणाऱ्या सर्व्हिसवाल्याच्या पायांशी पाडावा, हे उत्तम. असे चार-पाच फटके होतात आणि गुण निकालात निघतो. सर्व्हिसची अचूकता, परतफटक्याची नजाकत, जाळ्यापाशी हाताची चपळाई आणि समोरच्या दोघांच्या मनातील बेत आधी ओळखण्याची नजर, एवढ्या भांडवलावर हा खेळ चालतो. दमसासाला येथे दुय्यम स्थान आहे. पाय थकू लागल्यावरही मनुष्य दुहेरीत टिकून राहू शकतो, त्याचे कारण हेच.

आणखी एक गोष्ट आहे. जोडीतील एकजण उजव्या अंगाची सर्व्हिस परतवितो, दुसरा डाव्या अंगाची, आणि एकदा सुरू झालेल्या सेटमध्ये ही वाटणी बदलता येत नाही. वर्षानुवर्षे एकाच अंगाने खेळल्यावर हात तेथेच बसतो. औताच्या बैलांतही एक उजव्या बाजूस जुंपावयाचा व एक डाव्या बाजूस, असे ठरलेले असते. बाजू बदलली की दोघेही बुजतात. टेनिसमधील जोड्या जुळविताना हा विचार पहिला करावा लागतो. स्वभावांचा विचार त्यानंतर; परंतु बहुतेक जोड्या फुटतात त्या मात्र त्याच कारणाने.

दुहेरीत निष्णात व्हावे असे मनाशी योजून कोणी मुलगा हाती रॅकेट धरीत नाही. सगळ्यांची दृष्टी एकेरीवर असते. तेथे पुढे वाट खुंटली की मग ज्याचे हात जाळ्याजवळ चांगले चालतात तो दुहेरीकडे वळतो. रोहन बोपण्णा यांची कारकीर्द याच वाटेने गेली. मात्र ती जेथवर गेली तेथवर फारच थोड्यांची जाते.

बोपण्णा यांचा जन्म ४ मार्च १९८० चा. बालपण कोडगू प्रांतात गेले. वडील कॉफीच्या मळ्याचे मालक. मुलास हॉकी व फुटबॉल यांची आवड होती, परंतु त्याने एकट्याच्या बळावर खेळावयाचा खेळ शिकावा, अशी वडिलांची इच्छा, म्हणून अकराव्या वर्षी त्यास टेनिसला घातले. सांघिक खेळात दुसऱ्याच्या चुकीने आपले नुकसान होते, हा पित्याचा विचार व्यवहारास धरूनच होता. त्याच मुलाला पुढे सारे आयुष्य दुसऱ्याच्या जोडीनेच खेळावे लागले, हा योग मोठा मौजेचा खरा. किशोरवयात ते पुण्यास नंदन बाळ यांच्याकडे शिकले. उंची सहा फुटांहून बरीच अधिक, सर्व्हिस जबर, बॅकहँड जुन्या धाटणीचा, एका हाताचा. २००२ साली डेव्हिस कप स्पर्धेत ते प्रथम भारताकडून उतरले आणि २००३ पासून पेशेवाईक खेळाडू झाले. एकेरीच्या जागतिक क्रमवारीत मात्र २१३ या स्थानापलीकडे त्यांची मजल गेली नाही. तो अंक २००७ सालचा आहे. या क्रमांकावरील खेळाडूस मोठ्या स्पर्धांची दारे बहुधा बंदच असतात व प्रवासाचा खर्च निघण्याचीही मारामार होते.

ज्या काळात बोपण्णा दुहेरीकडे वळत होते, तो काळ या कलेस अनुकूल नव्हता. स्पर्धा भरविणारांस वाटे की प्रेक्षक एकेरीच्या नामवंतांसाठी येतात. दुहेरीच्या खेळाडूंचा खर्च हा वायफळ भार. २००५ साली पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसची संघटना एटीपी हिने दुहेरीचे सेट आखूड करण्याचे व पुढे एकेरीतील खेळाडूंनाच दुहेरीत प्राधान्य देण्याचे ठरविले. दुहेरीवाल्यांनी त्याविरुद्ध अमेरिकेतील ह्यूस्टन येथील न्यायालयात दावा लावला. शेवटी तडजोड झाली. खेळाडूंचा प्रवेश शाबूत राहिला, परंतु २००६ पासून संघटनेच्या स्पर्धांत नियम बदलले. चाळीस-चाळीस अशी बरोबरी झाली की पुढच्या एकाच गुणावर गेमचा निकाल, आणि एक-एक सेट झाल्यावर तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा टायब्रेकर. सामने दीडेक तासात उरकू लागले हे खरे. पण श्रेष्ठ जोडीस आपले श्रेष्ठत्व सिद्ध करावयास पूर्वी जो अवकाश मिळे तो गेला. दोन-चार गुणांच्या फेरात सामना इकडचा तिकडे होऊ लागला. वीस वर्षे अशा जुगारावर उपजीविका करावयाची म्हणजे मनाची ठेवण निराळीच असावी लागते.

क्रमवारीची रीतही ध्यानात घेण्यासारखी आहे. दुहेरीतील क्रमांक जोडीस नव्हे, व्यक्तीस मिळतो. स्पर्धेत प्रवेश मात्र दोघांच्या क्रमांकांची बेरीज करून देतात. एकाचा क्रमांक घसरला की दुसऱ्याच्याही पायाखालची जमीन सरकते. तेव्हा उत्तम जोडीदार मिळण्यासाठी आपला क्रमांक वर असावा लागतो, आणि क्रमांक वर नेण्यासाठी उत्तम जोडीदार असावा लागतो! वर्षअखेरीस निरोपांची देवघेव सुरू होते. कोणी कोणास सोडले, कोण मोकळा झाला, याच्या वार्ता फिरतात. वधूवरसंशोधनाचा हा सोहळा दरसाल होतो आणि पुष्कळ लग्ने पुढचा उन्हाळाही पाहत नाहीत.

बोपण्णा यांना पहिला मनाजोगा जोडीदार लाभला तो सरहद्दीपलीकडचा. लाहोरचे ऐसाम-उल-हक कुरेशी आणि बोपण्णा जवळजवळ समवयस्क. दोघांच्या देशांचे संबंध जसे होते तसे होते. या दोघांनी मात्र ‘युद्ध थांबवा, टेनिस खेळा’ अशा अर्थाची इंग्रजी अक्षरे अंगावर मिरविली, आणि वृत्तपत्रांनी त्यांस ‘इंडो-पाक एक्स्प्रेस’ हे नाव दिले. २०१० च्या सप्टेंबरात ते अमेरिकन खुल्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यास पोचले, तेव्हा संयुक्त राष्ट्रसंघातील भारत व पाकिस्तान यांचे प्रतिनिधी प्रेक्षकांत शेजारी शेजारी बसले होते. समोर बॉब व माइक ब्रायन हे अमेरिकन जुळे बंधू होते. त्यांतील एक डावखुरा, दुसरा उजवा. जोडीदार शोधण्याचा प्रश्न त्यांचा जन्मतःच सुटलेला. चार मोठ्या स्पर्धांची १६ विजेतेपदे या बंधूंनी मिळविली. त्या दिवशी दोन्ही सेट टायब्रेकरपर्यंत गेले आणि दोन्ही ब्रायन बंधूंनी घेतले. एवढ्या थोड्या अंतराने गेलेला सामना मनातून सहजी जात नाही. परंतु बोपण्णांस दुःख करीत बसावयास वेळ नव्हता. पुढच्याच आठवड्यात चेन्नईस ब्राझीलविरुद्ध डेव्हिस कपचा सामना होता. भारत शून्य-दोन असा मागे पडून बरोबरीस आला आणि निर्णायक पाचवा सामना, तोही एकेरीचा, बोपण्णांनीच रिकार्दो मेलो यांच्याविरुद्ध जिंकला.

२०११ च्या अखेरीस या जोडीने पॅरिस येथील मोठी स्पर्धा जिंकली आणि लगेच ती विभक्त झाली. कारण लंडनचे ऑलिंपिक जवळ येत होते. ऑलिंपिकमध्ये जोडीदार स्वदेशीयच असावा लागतो, म्हणून बोपण्णांनी २०१२ साली महेश भूपतींशी जोडी जमविली. लिअँडर पेस व भूपती यांनी १९९९ साली चारही मोठ्या स्पर्धांच्या अंतिम फेऱ्या गाठून त्यांतील दोन जिंकल्या होत्या. त्या दोघांचे पुढे बिनसले, हेही जगजाहीर आहे. लंडनला पेस यांच्यासमवेत खेळण्यास भूपती व बोपण्णा यांनी नकार दिला. बराच वादंग होऊन भारताने अखेर दोन जोड्या पाठविल्या, आणि दोन्ही रिक्तहस्ते परत आल्या. त्या प्रकरणात न्याय कोणाकडे होता याची चर्चा तेव्हा पुरेशी झाली. पदरात पडले ते इतकेच की एका ऑलिंपिकसाठी एक चांगली घडी मोडली गेली. २०१४ साली बोपण्णा व कुरेशी पुन्हा एकत्र आले, दुबईची स्पर्धा त्यांनी जिंकलीही. परंतु पूर्वीचा रंग फार काळ भरला नाही.

यानंतरची वर्षे भटकंतीची आहेत. कॅनडाचे नेस्टर, रुमानियाचे मेर्जिया, उरुग्वेचे क्वेव्हास, फ्रान्सचे रॉजे-व्हासेलॅं, नेदरलँड्सचे मिडेलकूप; जोडीदारांची यादी भूगोलाच्या पुस्तकासारखी दिसते. यशही अधूनमधून येत होते. २०१३ च्या जुलैत ते क्रमवारीत तिसरे होते. २०१५ साली माद्रिद आणि २०१७ साली माँटे कार्लो येथील विजेतेपदे त्यांस मिळाली. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये सानिया मिर्झा यांच्यासमवेत कांस्यपदकाचा सामना हातचा गेला. २०१७ साली गॅब्रिएला डाब्रोव्स्की या कॅनडाच्या खेळाडूबरोबर त्यांनी फ्रेंच स्पर्धेतील मिश्र दुहेरीचा मुकुट जिंकला. त्या सामन्यात पराभव एका गुणावर येऊन ठेपला असता तो दोनदा परतवावा लागला होता. पुण्याच्या बालेवाडीत त्यांनी २०१९ साली दिविज शरण यांच्याबरोबर व २०२२ साली रामकुमार रामनाथन यांच्याबरोबर विजय मिळविला. पुरुष दुहेरीचे मोठे पद मात्र दूरच राहिले.

आणि मध्ये गुडघे निकामी होत चालले होते. सांध्यांतील कूर्चा झिजून नाहीशी झाली होती. वेदनाशामक गोळ्या घेऊन ते कोर्टावर उतरत. इंजेक्शनांनी तात्पुरता आराम पडे. २०२० साली महामारीमुळे जगभर टेनिस थांबले, तेव्हा त्यांनी अय्यंगार पद्धतीचा योगाभ्यास आरंभिला. बी. के. एस. अय्यंगार यांनी पुण्यात आयुष्य वेचून वाढविलेली ही पद्धती. दोर, पट्टे, ठोकळे यांचा आधार देऊन शरीर योग्य स्थितीत धरून ठेवणे हा तिचा विशेष. मांड्यांचे व पायांचे स्नायू बळकट झाले, गुडघ्यांवरील भार हलका झाला आणि गोळ्या सुटल्या, असे बोपण्णांनी स्वतः सांगितले आहे. योगाने कूर्चा पुन्हा उगवली असे मात्र कोणी समजू नये. भार पेलण्याची रीत बदलली, इतकेच.

तरीही २०२१ चा आरंभ फार वाईट गेला. एकामागून एक पराभव होत होते. पोर्तुगालमध्ये समुद्राकडे पाहत बसले असता, हे सारे कशासाठी, असा विचार मनात आला आणि खेळ सोडून घरी जावे असे वाटले, हे त्यांनी पुढे उघडपणे बोलून दाखविले. वय एकेचाळीस. त्या घटकेस त्यांनी सामान बांधले असते तर त्यांना कोणी नावे ठेवली नसती. अनेक चांगल्या खेळाडूंच्या कारकिर्दी अशाच कुठल्यातरी समुद्रकाठी, कोणास न कळता, संपून जातात.

२०२३ च्या आरंभी त्यांना जोडीदार मिळाला तो मॅथ्यू एब्डन. हे ऑस्ट्रेलियाचे, जन्माने दक्षिण आफ्रिकेतील दरबानचे. एकेरीत ते एके काळी पहिल्या चाळिसांत होते आणि आदल्याच वर्षी दुसऱ्या एका देशबांधवाबरोबर त्यांनी विंबल्डन जिंकले होते. बोपण्णांची सर्व्हिस जड, एब्डनचे पाय हलके व परतफटका बिनचूक. एकाचे उणे तेथे दुसऱ्याचे अधिक. दोघांनीही आयुष्यातील उमेदवारी पुरी केलेली असल्यामुळे एकमेकांस शिकविण्याची हौस उरली नव्हती, आणि जोडीत हा फार मोठा गुण आहे. मार्चमध्ये त्यांनी कॅलिफोर्नियातील इंडियन वेल्सची स्पर्धा जिंकली. त्या दर्जाच्या स्पर्धेत इतक्या मोठ्या वयाचा विजेता पूर्वी झाला नव्हता. विंबल्डनला उपांत्य फेरी झाली. सप्टेंबरात अमेरिकन स्पर्धेचा अंतिम सामना आला. बोपण्णांसाठी तेरा वर्षांनी. पहिला सेट जिंकूनही तो त्यांनी गमावला. त्याच महिन्याच्या शेवटी हांगझौ येथील आशियाई खेळांत महाराष्ट्राची ऋतुजा भोसले हिच्याबरोबर त्यांनी मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक मिळविले. दोघांच्या वयांत सोळा वर्षांचे अंतर. पहिला सेट गेला, पण पुढे सामना फिरला. ऋतुजासारख्या खेळाडूस असा ज्येष्ठ जोडीदार मिळणे म्हणजे एका सप्ताहात अनेक वर्षांचे शिक्षण मिळणे होय.

मग २०२४ चा जानेवारी, मेलबर्न. उपांत्यपूर्व फेरी जिंकताच बोपण्णांचा जागतिक क्रमवारीतील पहिला क्रमांक निश्चित झाला. उपांत्य सामना झँग झिझेन व तोमाश माखाच यांच्याशी; तो अखेरच्या दहा गुणी टायब्रेकरपर्यंत ताणला गेला. अंतिम सामना २७ जानेवारीस सिमोने बोलेल्ली व आंद्रेआ वावासोरी या इटालियन जोडीशी. पहिल्या सेटचा टायब्रेकर बोपण्णा व एब्डन यांनी एकही गुण न देता घेतला, दुसरा सेट ७-५ असा जिंकला. दोन दिवसांनी क्रमवारी प्रसिद्ध झाली, तेव्हा बोपण्णांचे वय ४३ वर्षे ३३१ दिवस होते. एवढ्या वयात प्रथम क्रमांकावर पूर्वी कोणीही नव्हता; आधीचा उच्चांक ४१ व्या वर्षाचा, माइक ब्रायन यांचा. पुरुष दुहेरीचे मोठे विजेतेपद सर्वांत उशिरा मिळविण्याचा मान त्यापूर्वी जाँ-ज्युलियन रोयर यांच्याकडे होता, चाळिसाव्या वर्षाचा. २०२२ च्या फ्रेंच स्पर्धेत रोयर यांनी तो मिळविला, आणि त्या वाटेवर उपांत्य फेरीत त्यांनी हरविले होते ते बोपण्णा व मिडेलकूप यांनाच. हिशेब असा पुरा झाला.

द्रव्याचा हिशेब मात्र निराळा आहे. त्या स्पर्धेत एकेरीच्या विजेत्यास ३१,५०,००० ऑस्ट्रेलियन डॉलर मिळाले; दुहेरीच्या विजेत्या जोडीस ७,३०,०००, म्हणजे प्रत्येकी ३,६५,०००. एकेरीवाल्याच्या नवव्या हिश्श्याहून किंचित अधिक. प्रशिक्षक, वैद्य व प्रवास यांचा खर्च मात्र नवव्या हिश्श्याने होत नाही. दुहेरी पाहावयास गर्दी कमी असते हा त्यावरचा युक्तिवाद अगदीच खोटा नाही. परंतु जो खेळ दूरच्या कोर्टांवर ठेवला जातो आणि ज्याचे चित्रण क्वचितच होते, त्यास गर्दी कोठून यावी?

मार्चमध्ये मायामी जिंकून बोपण्णांनी आपलाच वयाचा उच्चांक मोडला. त्याच वर्षी त्यांस पद्मश्री मिळाली. पॅरिस ऑलिंपिकमध्ये श्रीराम बालाजी यांच्यासमवेत पहिल्याच फेरीत पराभव झाला आणि भारताकडून खेळणे त्यांनी थांबविले. २०२४ च्या अखेरीस एब्डनशी असलेली जोडीही सुटली.

२०२५ च्या ऑगस्टात न्यूयॉर्क येथे अमेरिकन स्पर्धेच्या मिश्र दुहेरीचे रूप पालटण्यात आले. जोड्या केवळ सोळा, त्यांतील बहुतेक एकेरीच्या नामांकितांच्या. सेट चार गेमचे, अंतिम सामना तेवढा पूर्ववत. पारितोषिक दहा लाख डॉलर. दुहेरीवाल्यांना बाहेर ठेवल्याबद्दल बरीच कुरकूर झाली. आदल्या वर्षीचे विजेते म्हणून सारा एर्रानी व आंद्रेआ वावासोरी या दोघांना मात्र प्रवेश मिळाला. हे तेच वावासोरी, ज्यांना मेलबर्नला बोपण्णांनी हरविले होते. त्या दोघांनी एकेरीच्या एकेका नामांकित जोडीस हरवीत अंतिम फेरी गाठली व इगा श्विऑन्टेक आणि कॅस्पर रूड यांच्यावर मात करून मुकुट आपल्याकडेच ठेवला.

बोपण्णा अखेरचे खेळले ते त्याच वर्षी ऑक्टोबरात, पॅरिसला. जोडीदार होते कझाकस्तानचे अलेक्झांडर बुब्लिक, मूळचे एकेरीचे खेळाडू. तो सामना पहिल्याच फेरीत, निर्णायक टायब्रेकरमध्ये, अवघ्या दोन गुणांनी गेला. १ नोव्हेंबर २०२५ रोजी त्यांनी निवृत्ती जाहीर केली. त्यांच्या नावावर तोवर दुहेरीची २६ विजेतेपदे जमली होती. दुहेरी खेळणाऱ्या भारतीय खेळाडूंना साहाय्य करण्याचा एक उपक्रम त्यांनी निवृत्तीपूर्वीच सुरू केला होता. एकेरीत वाट खुंटलेल्या मुलास जोडीदाराच्या शोधात त्यांच्याइतके एकटे हिंडावे लागू नये, अशी त्यामागील योजना आहे.